मु. पो. ट्रक

माझा भाचा अमेरिकेत ट्रक चालवतो. आमच्या घराण्यात हे वाक्य इतक्या सरळ कुणी उच्चारत नाही. त्याची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, सांगलीत कुणी विचारलं की "तो लॉजिस्टिक्समध्ये असतो" म्हणते. भावजी आणखी एक पायरी चढून "सप्लाय चेन" म्हणतात. पोरगा इंजिनिअर, चांगला सॉफ्टवेअरमध्ये होता. कंपनीने एका शुक्रवारी दुपारी ई-मेल धाडून बऱ्याच जणांना मोकळं केलं, तेव्हा बाकीच्यांनी पुढच्या सॉफ्टवेअरचे क्लास लावले आणि याने ट्रकचा क्लास लावला. तिकडे फेब्रुवारी २०२२ पासून नव्या ट्रकचालकाला मान्यताप्राप्त संस्थेत रीतसर शिकावंच लागतं. क्लीनर म्हणून चढायचं आणि दोन पावसाळ्यांनी ड्रायव्हर म्हणून उतरायचं, ही आपल्याकडची सोय तिकडे नाही.

मला स्वतःला आनंदच झाला. माझी नोकरी एसटीच्या आगारात लेखनिकाची. चालकांची लायसन्सं, त्यांच्या मुदती, बिल्ले, डोळ्यांच्या तपासण्या आणि "मुदत संपली, साहेब विचारतायत" असे निरोप यात हयात गेली. कॉम्प्युटरवर हा पोरगा नेमकं काय करतो ते मला कधीच कळलं नव्हतं. आता निदान फोनवर बोलायला विषय झाला. पहिल्या फोनला मी विचारलं, "गाडी किती टायरची?" तो म्हणाला, "अठरा." माझ्या मते मामा-भाच्यात इतकं मोकळं बोलणं त्याच्या मुंजीनंतर पहिल्यांदाच झालं.

यंदा आम्ही उभयता तिकडे गेलो तेव्हा त्यांचं बिऱ्हाड न्यू जर्सीतून टेक्सासला नुकतंच हललं होतं. भाचेसुनेची नोकरी तिकडे, घरं त्यातल्या त्यात परवडणारी, आणि टेक्सासात राज्याचा इन्कम टॅक्स नाही. हे शेवटचं कारण मराठी माणसाने अगोदर सांगायचं नसतं, म्हणून सगळे "हवा चांगली आहे" असं सांगतात. जुलैतली टेक्सासची हवा मी पाहिली आहे. तेव्हा टॅक्सच.

तर सामान लागलं, देव्हारा लागला, पाळीव मांजराचीही नव्या डॉक्टरकडे नोंद झाली. राहिलं एकच, भाच्याचं लायसन्स. मी म्हटलं, "त्यात काय बदलायचंय? पत्ता बदलून घे सवडीने." आपल्याकडे मोटार वाहन कायद्याखाली मिळालेलं लायसन्स देशभर चालतं. कोल्हापूरचा चालक निपाणीत शिरला म्हणून त्याचं गाडी चालवण्याचं ज्ञान दूधगंगेत वाहून जात नाही. सीमाप्रश्न पेटला की एसटीच्या फेऱ्या बंद होतात, काचा फुटतात, पण लायसन्सला कुणी हात लावत नाही. भाचा म्हणाला, "मामा, इथंही ते देशभर चालतं. पन्नासही राज्यांत."

"मग?"

"चालतं कुठेही, पण असावं लागतं आपल्या राज्याचं. घर बदललं की तीस दिवसांत."

याचा अर्थ समजून घ्यायला मला दोन चहा लागले. न्यू जर्सीचं लायसन्स खिशात ठेवून हा गडी टेक्सासातून ट्रक चालवत जाऊ शकतो, टेक्सासात माल भरू शकतो, टेक्सासच्या पोलिसाला ते लायसन्स दाखवू शकतो आणि तो पोलीस टोपीला हात लावून "जा बाबा" म्हणू शकतो. सगळं कायदेशीर. फक्त त्या रात्री त्याने टेक्सासात स्वतःच्या घरी, स्वतःच्या पलंगावर झोपायला सुरुवात केली की घोटाळा सुरू होतो. गाडी चालवायला हरकत नाही, हरकत आहे ती झोपायला.

बरं, साध्या मोटारवाल्याला टेक्सास नव्वद दिवस देतं. ट्रकवाल्याला तीसच. मोटारवाला रोज संध्याकाळी घरी असतो, त्याला तीन महिने. ट्रकवाला महिन्यातले तीन आठवडे घरी नसतो, त्याला एक. हे गणित कुणी मांडलं असेल याची मला कल्पना आहे. आमच्या विभागीय कार्यालयात रजेचं गणित मांडणारे असेच एक गृहस्थ होते, आणि त्यांच्या मते मुक्कामाच्या गाडीवरचा चालक रात्रभर झोपलेलाच असतो, म्हणजे त्याची विश्रांती झाली.

या कडकपणाच्या मुळाशी मात्र एक खरी गोष्ट आहे, आणि ती ऐकल्यावर मी त्या कायद्याला मनातल्या मनात नमस्कार केला. १९८६ पर्यंत तिकडे ट्रकचालकांच्या खिशात लायसन्सांचा जुडगा असे. चार राज्यांची चार लायसन्सं. ओहायोत जोरात गाडी हाणताना पकडलं की इंडियानाचं काढायचं, इंडियानात पकडलं की केंटकीचं. गुन्हे अशा रीतीने समान वाटून टाकले की कुठल्याच राज्याच्या वहीत माणूस फारसा वाईट दिसत नाही. शिवाय कित्येक राज्यांत मोटारीच्या लायसन्सवरच अठरा चाकी हाकता यायची. त्या वर्षी त्यांच्या संसदेने कायदा केला की एका चालकाला एकच लायसन्स, आणि तेही त्याच्या राहत्या राज्याचं. एप्रिल १९९२ पर्यंत सगळ्यांनी नवी परीक्षा देऊन 'सीडीएल', म्हणजे व्यावसायिक लायसन्स, घ्यायचं ठरलं. आता सगळी राज्यं एकाच संगणक-यंत्रणेत एकमेकांना विचारतात की हा इसम तुमच्याकडे आहे काय. आपल्या १९८८ च्या कायद्यातही एकाला एकच लायसन्स असं स्पष्ट लिहिलेलं आहे. दोन देशांना दोन वर्षांच्या अंतराने एकच शंका आली, यावरून चालक नावाची जात जगभर सारखीच हुशार असावी.

पण 'राहतं राज्य' म्हणजे कोणतं? त्या नियमात याची व्याख्या दिलेली आहे आणि भाच्याने ती मला मोबाईलवर वाचून दाखवली. जिथे माणसाचं खरं, पक्कं आणि कायमचं घर आहे, आणि बाहेर गेल्यावर जिथे परतण्याचा त्याचा इरादा असतो, ते. मी सरकारी नोकरीत बरीच परिपत्रकं वाचली. चालकाच्या मनात घरी परतण्याचा इरादा आहे की नाही याची चौकशी करणारं हे पहिलंच. आमच्या आगारात काही मंडळी मागून मागून मुक्कामाची ड्युटी घ्यायची. त्यांना हा प्रश्न कुणी विचारला असता तर आगार ओस पडलं असतं.

आता भाच्याची गाडी पाहिल्यावाचून पुढचं कळणार नाही. राहत्या सोसायटीत ट्रक उभा करायला मनाई, त्यामुळे ती गावाबाहेरच्या यार्डात असते. आम्हाला त्याने हौसेने नेलं. तीन पायऱ्या चढून आत गेलो तर सीटच्या मागे अख्खं घर. वर-खाली दोन बिछाने, छोटा फ्रीज, मायक्रोवेव्ह, एक इन्स्टंट पॉट, त्यात आदल्या दिवशीच्या खिचडीचा वास. खालच्या बिछान्याच्या उशाशी गणपती, डब्यात ताईने पाठवलेली शेंगदाण्याची चटणी, हुकावर टॉवेल, बाटलीत मेतकूट. आमची ही म्हणाली, "अहो, आपल्या दादरच्या खोलीपेक्षा हे बरं आहे." मग त्याने खाली उतरून प्रवासापूर्वीची तपासणी करून दाखवली. ही लायसन्सच्या परीक्षेत तोंडाने म्हणून दाखवावी लागते. एकेका भागावर बोट ठेवायचं आणि म्हणायचं: घट्ट बसलेलं आहे, तडकलेलं नाही, वाकलेलं नाही, तुटलेलं नाही. स्प्रिंग, शॉक, ब्रेकची चेंबर, टायरची नक्षी, नटबोल्ट. तडकलेलं नाही, वाकलेलं नाही, तुटलेलं नाही. शेवटी आत बसून इंजिन बंद करून ब्रेक मिनिटभर दाबून धरायचा. हवेचा दाब ४ पीएसआयपेक्षा जास्त उतरला तर गाडी हलवायची नाही. लहानपणी भीमरूपी म्हणताना तिसऱ्या ओळीला अडकणारा पोरगा हे सगळं एका दमात म्हणतो. गाडीला वळसा पुरा होईस्तोवर मी नकळत हात जोडले होते.

हे सगळं मी सांगतो आहे ते एवढ्यासाठी की राज्य बदलताना यातलं काहीएक विचारत नाहीत. गाडी चालवून दाखव म्हणत नाहीत, मागे घेऊन दाखव म्हणत नाहीत. एका राज्याने माणसाला ट्रक चालवता येतो असं लिहून दिलं की बाकीची एकोणपन्नास राज्यं विश्वास ठेवतात. विश्वास नसतो तो दुसऱ्याच गोष्टींवर.

पहिली गोष्ट, तुम्ही कुठल्या प्रकारचे चालक आहात हे स्वतःच लिहून द्यायचं. प्रकार चार. राज्याबाहेर जाणारा की राज्यातल्या राज्यात फिरणारा, आणि त्यात पुन्हा वैद्यकीय दाखल्यातून सूट असलेला की नसलेला. सूट कुणाला, याची यादी वाचण्यासारखी आहे. शाळेची मुलं नेणारे. आगीच्या बंबावरचे. प्रेतं आणि आजारी माणसं नेणारे. आणि मोसमात मधमाश्यांच्या पेट्या हलवणारे. मी दोनदा वाचून खात्री करून घेतली. पाच मैलांवर कोथिंबीर नेणाऱ्याला रक्तदाब तपासून घ्यावा लागतो आणि काही लाख चिडलेल्या मधमाश्या पाठीशी घेऊन राज्याची सीमा ओलांडणाऱ्याची तब्येत कुणी विचारत नाही. बहुधा असा विचार असावा की ज्याला या कामाची छाती आहे त्याला डॉक्टर काय वेगळं सांगणार.

भाचा पडला सूट नसलेल्यांत, त्यामुळे दाखला हवाच. जास्तीत जास्त दोन वर्षांचा मिळतो, आणि रक्तदाब चढता निघाला तर वर्षाचाच. डोळे, लाल-हिरवा-पिवळा रंग, साखर, सगळं आपल्यासारखं. कानाची परीक्षा मात्र गोड आहे. डॉक्टर पाच फुटांवर उभा राहून कुजबुजतो आणि ते तुम्ही पुन्हा म्हणून दाखवायचं. ज्या माणसाला दिवसाचे अकरा तास इंजिनाच्या मांडीला मांडी लावून बसायचं आहे त्याची कुजबुज ऐकण्याची क्षमता कशाला हवी, असं मी विचारलं. भाचेसून म्हणाली, "मामा, त्यांना कुजबुज उत्तम ऐकू येते. मोठ्याने बोललेलं येत नाही."

दुसरी गोष्ट घातक मालाची. लायसन्सवर काही अक्षरं असतात: टँकरचं 'एन', प्रवाशांचं 'पी', दोन-तीन ट्रेलर एकामागे एक ओढायचं 'टी', आणि घातक मालाचं 'एच'. बाकीची अक्षरं राज्य बदललं तरी बरोबर येतात. 'एच' मात्र हट्टी. गेल्या दोन वर्षांत त्याची परीक्षा किंवा प्रशिक्षण झालेलं नसेल तर नव्या राज्यात पुन्हा लेखी परीक्षा, आणि लागली तर त्याच्या जोडीला केंद्र सरकारची सुरक्षा चौकशी, बोटांचे ठसे वगैरे. न्यू जर्सीत पेट्रोल ज्या तापमानाला पेट घेतं त्याच तापमानाला ते टेक्सासातही घेतं, पण माणसाचा काय भरवसा.

अभ्यास स्वयंपाकघरात चाले. भाचेसून पोळ्या लाटता लाटता प्रश्न विचारी आणि हा कणकेच्या परातीशेजारी उभा राहून उत्तरं देई. "पाटीवर १२०३ असेल तर?" पेट्रोल. "रेल्वे फाटकाला किती अंतरावर थांबायचं?" पन्नास फुटांच्या आत, पण पंधराहून जवळ नाही. "फाटक उघडं असेल तर?" तरी थांबायचं. इथे मला राहवलं नाही. उघड्या फाटकाला थांबणारा चालक मी उभ्या नोकरीत पाहिला नाही. बंद फाटकाखालून मोटारसायकल आडवी करून काढणारे पाहिले. आमच्या हिने मध्येच विचारलं, "गॅसचं सिलिंडर घरात कुठे ठेवायचं ते विचारतात का?" नाही म्हटल्यावर तिचा त्या परीक्षेवरचा विश्वास उडाला.

परीक्षा झाली, ठसे झाले. आणि मग आली ती तिसरी गोष्ट. टेक्सासात राहत असल्याचे दोन पुरावे.

आता घरातल्या कागदांकडे पाहा. घराचा करार भाचेसुनेच्या नावावर, कारण सही करायच्या दिवशी हा टोमॅटो घेऊन ओरेगनला गेलेला. लाईटबिल तिच्या नावावर. पाण्याचं बिल तिच्या नावावर. इंटरनेट तिच्या नावावर, कारण ते जोडायला माणूस आला तेव्हा हा वायोमिंगमध्ये वारं पडायची वाट बघत होता. मांजरसुद्धा तिच्या नावावर. याच्या नावाच्या कागदांची मात्र एक बुटाची पेटी भरलेली. मी ती उघडून बसलो, जुनी खोड. टेनेसीतल्या डिझेलची पावती. नेब्रास्कातल्या वजनकाट्याची चिठ्ठी. ओक्लाहोमातल्या ट्रकस्टॉपवरच्या आंघोळीची पावती. तिकडे ठरावीक गॅलन डिझेल भरलं की आंघोळ फुकट मिळते आणि ती कार्डावर जमा होते. भाच्याच्या खात्यावर तेव्हा आंघोळी शिल्लक होत्या. भावजींना बँकेतल्या ठेवींचं असतं तसं त्याला त्याचं कौतुक. हा माणूस कुठल्या दिवशी, कुठल्या वेळी, कुठल्या राज्यात होता हे सिद्ध करायला त्या पेटीत ढीगभर पुरावे होते. वर ट्रकमधलं इलेक्ट्रॉनिक यंत्र तो कधी चालला आणि कधी थांबला हे मिनिटामिनिटाने लिहीत असतं. अख्ख्या देशाला ठाऊक, हा कुठे असतो. फक्त घरी असतो, असं सांगणारा एकही कागद नाही.

मला आमचा एक चालक आठवला. घर आगाराच्या भिंतीला लागून, पण रहिवासी दाखल्याला तलाठ्याने त्याला वर्षभर फिरवलं, कारण तलाठी यायचा त्या दिवशी याची लांब पल्ल्याची फेरी असायची. शेवटी तलाठ्याची बदली झाली तेव्हा त्याचं सामान यानेच एसटीच्या टपावरून नेलं आणि दाखला गाडीतच लिहून घेतला.

भाच्याचे मित्रही सल्ला देत होते. त्यात एक पंजाबी सरदारजी होते, या धंद्यातले मुरलेले. त्यांचा सल्ला असा की टेक्सासचा नाद सोड आणि साउथ डकोटाचा रहिवासी हो. मोटारघरांतून भटकणाऱ्या मंडळींना ते राज्य म्हणे हॉटेलातल्या किंवा तळावरच्या एका रात्रीच्या मुक्कामाची पावती दाखवली की आपलं म्हणतं. एक रात्र! आपल्याकडे एका रात्रीच्या मुक्कामावर पंढरपूरचा बडवासुद्धा वहीत नाव लिहून घेत नसे. पण तिथे भाड्याची टपालपेटी घेऊन राहणं आणि टेक्सासात बायकोजवळ राहणं या दोन गोष्टी 'परतण्याचा इरादा' या कलमात बसेनात. भाचा या बाबतीत नेक आहे. म्हणाला, "मामा, मी परतायचं म्हणतो तेव्हा इकडेच परततो." भाचेसून पोळी उलटायची थांबली होती, ती हे ऐकून पुन्हा सुरू झाली.

सरकारने अशा लोकांसाठी एक वाट ठेवलेली आहे. त्याच पत्त्यावर राहणाऱ्या दुसऱ्या माणसाने प्रतिज्ञापत्र द्यायचं की हा इसम माझ्याबरोबर राहतो. नातेवाईक असेल तर नात्याचा पुरावा जोडायचा. म्हणजे भाचेसुनेने सही करायची आणि सोबत लग्नाचा दाखला. ती फॉर्म घेऊन बराच वेळ नुसती बघत राहिली. म्हणाली, "शपथेवर लिहायचंय मामा. 'राहतो' लिहू का?" भाचा म्हणाला, "लिही की." ती म्हणाली, "गेल्या महिन्यात किती रात्री होतास?" त्याने इलेक्ट्रॉनिक यंत्राचा तक्ता काढून दाखवायची तयारी केली. मी दोघांमध्ये पडलो आणि खात्यातला जुना सल्ला दिला: फॉर्मवर जेवढं विचारलंय तेवढंच लिहावं. सही झाली.

लग्नाचा दाखला महानगरपालिकेचा, त्यावर दोघांचे फोटो. भाचा त्यात फेट्यात, गालावर काजळाचा ठिपका. ज्यांच्याकडे तो द्यायचा त्यांना ही व्यक्ती आणि समोरची दाढीवाली, बेसबॉलची टोपी घातलेली व्यक्ती एकच आहेत हे कसं पटावं, ही मला धास्ती. पण लायसन्सच्या कचेरीत खिडकीतल्या बाईंनी दाखला पाहिला, फोटो पाहिला, "सुंदर पागोटं" अशा अर्थाचं काहीतरी म्हणाल्या आणि शिक्का मारला. मला अशा वेळी काय करावं ते सुचत नाही. आपल्याकडे पहिल्या खिडकीवर काम झालं तर माणूस दुसऱ्या खिडकीवर जाऊन खात्री करून घेतो.

तिथे बाकावर बसल्या बसल्या शेजारच्या एका विशीच्या आतल्या पोराशी ओळख झाली. अठरा पुरी झालेली, नवं व्यावसायिक लायसन्स, चेहऱ्यावर मिसरूड नि अभिमान. त्याची कथा याहून मजेची. एकवीस वर्षं होईपर्यंत त्याला राज्याबाहेर माल नेता येत नाही. टेक्सासात पश्चिमेला एल पासो आहे आणि ईशान्य टोकाला टेक्सारकाना. मध्ये सुमारे ८०० मैल. एवढं अंतर तो छत्तीस टनांची गाडी एकटा चालवत जाऊ शकतो. पण टेक्सारकाना हे गावच अर्धं टेक्सासात आणि अर्धं अर्कान्सासात आहे. राज्याची हद्द रस्त्याच्या मधून जाते. तिथलं सरकारी कोर्ट आणि पोस्ट एकाच इमारतीत, आणि ती इमारत हद्दीवर दोन्हीकडे पाय टाकून उभी. तर ८०० मैल आल्यावर हा पोरगा रस्त्याच्या पलीकडच्या दुकानात माल उतरवू शकत नाही. तिथे वयाने मोठा माणूस लागतो. बेळगावकरांनी हे गाव एकदा पाहून यायला हरकत नाही. आपली दुखणी निदान एका इमारतीत मावत नाहीत.

इंग्रजीचीही गोष्ट निघाली. ट्रकचालकाला पाट्या वाचण्यापुरतं आणि अधिकाऱ्याशी बोलण्यापुरतं इंग्रजी यावं हा नियम तिकडे जुनाच, पण जून २०२५ पासून रस्त्यावर तपासणी करून, येत नसेल तर चालकाला जागेवर थांबवायला लागले आहेत. त्यामुळे सरदारजींनी पन्नाशीनंतर पाट्या पाठ करायला घेतल्या होत्या. मला आमच्याकडचं रिक्षाच्या परवान्याला मराठी हवं की नको हे प्रकरण आठवलं, जे थेट हायकोर्टात गेलं होतं. भाषा कुठलीही असो, चालकाला ती पोलिसाने थांबवल्यावरच लागते, आणि तेव्हा तो शक्यतो बोलत नाही.

शेवटी आमच्या भाच्याचा नंबर पुकारला. जुनं न्यू जर्सीचं कार्ड जमा करून घेतलं. ते देताना तो जरा रेंगाळला. त्यावरचा फोटो सॉफ्टवेअरच्या काळातला, केस जास्त होते. मग डोळ्यांची तपासणी, सही, अंगठा. अवयवदान करणार का? हो. मतदारयादीत नाव घालायचं का? हो, तो तिकडचा नागरिक आहे. डोळ्यांचा रंग? तपकिरी. उंची? त्याने सांगितली, एक इंच वाढवून. कुणी मोजली नाही.

"वजन?"

इथे मी खुर्चीवरून पुढे सरकलो. कारण या माणसाच्या गाडीचं वजन हा देश ज्या चिकाटीने करतो तशी चिकाटी मी सोनाराकडेही पाहिलेली नाही. एकूण ८०,००० पौंड, त्याच्यावर एक पौंड चालत नाही. मागच्या जोड-आसांवर ३४,००० च्या आत. मालाचा भार पुढे किंवा मागे जास्त झाला तर ट्रेलरची चाकं पुढेमागे सरकवून पुन्हा काट्यावर. हमरस्त्यांवर राज्याराज्याचे वजनकाटे, पाटी उघडी दिसली की वळायचंच. स्वतःची डिझेलची टाकी भरताना मालाचं गणित करायचं.

"एकशे पंच्याहत्तर पौंड," भाचा शांतपणे म्हणाला.

बाईंनी तसंच लिहून घेतलं. माझ्या शेजारी बसलेल्या भाचेसुनेला जोराचा ठसका लागला. बाईंनी काळजीने वर पाहून तिला पाणी हवं का विचारलं. ती म्हणाली, नको, मी ठीक आहे, आणि माझ्याकडे वळून कुजबुजली, "मामा, पंच्याहत्तर नुसता वरचा बिछाना असेल."

पाच फुटांहून थोडं जास्तच अंतर होतं, पण भाच्याने मान वळवली.